लिहिणाऱ्याचा वाटा

नारायणगाव ओलांडून पुणे-नाशिक महामार्गाने आळेफाट्याकडे निघाले की वाटेत पिंपळवंडीची शिवारे लागतात. कुकडीच्या पाण्यावर पोसलेला ऊस, तारांवर चढवलेला टोमॅटो, कांद्याच्या चाळी असा हा मुलूख. रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या वेळेला शेतकरी बिबट्याच्या भीतीने हातात बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो. कष्टाशिवाय येथे काही पिकत नाही आणि कष्ट करूनही भाव मिळेलच याची खात्री नसते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील गावांची हीच कथा आहे.

याच परिसराचे नाव मे २०२४ मध्ये वेगळ्याच कारणाने देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. पुणे ग्रामीण पोलिसांनी नारायणगावातील एका बहुमजली इमारतीवर छापा घातला आणि सत्तरहून अधिक लोकांना ताब्यात घेतले. ‘महादेव’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या ऑनलाइन सट्टेबाजीच्या जाळ्याशी या इमारतीतील कामाचा संबंध असल्याचे पोलिसांनी सांगितले. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार या जाळ्याचा एक धागा छत्तीसगडमधील भिलईत आणि दुसरा दुबईत होता. मधली एक गाठ आपल्या शेजारच्या बाजारपेठेच्या गावात निघाली, ही गोष्ट येथील अनेकांना धक्का देऊन गेली.

कोण दोषी आणि कोण निर्दोष, याचा निर्णय न्यायालय देईल. तो आपला विषय नाही. आपल्यापुढचा प्रश्न त्याहून व्यापक आहे आणि तो कोणत्याही एका खटल्यावर अवलंबून नाही. संघटित जुगाराच्या धंद्यात खेळणारे असतात, खेळवणारे असतात आणि या दोहोंच्या मध्ये एक मोठा वर्ग असतो. तो स्वतः एक पैसाही डावावर लावत नाही. तो नोंद ठेवतो, निरोप पोहोचवतो, खात्यावर आलेली रक्कम पुढे सरकवतो, जागा भाड्याने देतो. महिन्याच्या शेवटी त्याला पगार किंवा भाडे मिळते. तो म्हणतो, “मी जुगार खेळत नाही, खेळवतही नाही. मी फक्त लिहितो.” या लिहिणाऱ्याचा त्या पापात वाटा किती?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मुंबईत कापसाच्या भावावर आकडा लावण्याचा जुगार फार जुना. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भाव तारेने मुंबईत येत आणि त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो आधार तुटला. मग १९६२ मध्ये कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीत आपला मटका सुरू केला आणि पुढे दोनच वर्षांत रतन खत्री यांचा मटका उभा राहिला. चिठ्ठ्या काढण्यासाठी वापरलेल्या मातीच्या मडक्यावरून या जुगाराला नाव मिळाले. पुढे पत्ते काढून आकडा ठरू लागला तरी नाव टिकले. गिरणगावातील कामगार, हमाल, टांगेवाले, फेरीवाले यांचे रोजचे आठ आणे, रुपया त्या मडक्यात जाऊ लागले. ओपन आणि क्लोजचे आकडे मुंबईतून निघत आणि काही वेळात महाराष्ट्राच्या गावागावांतील पानटपऱ्यांवर पोहोचत.

या साम्राज्यात सर्वांत खालच्या पायरीवर जो माणूस उभा होता, त्याला लोक आजही ‘रायटर’ म्हणतात. पानटपरीच्या आडोशाला बसून तो आकडे आणि पैसे चिठ्ठीवर उतरवून घेतो. त्याच्या नावातच त्याचे काम आहे. आणि विलक्षण गोष्ट अशी की, इस्लामच्या शिकवणुकीतही ‘लिहिणारा’ हा शब्द एका गंभीर इशाऱ्याच्या संदर्भात येतो. तेथे पोहोचण्यापूर्वी या धंद्याच्या बाजूने नेहमी मांडले जाणारे दोन युक्तिवाद तपासून पाहू. तिसरा युक्तिवाद लिहिणाऱ्याचा आहे आणि तो या दोहोंच्या आधारावरच उभा असतो.

पहिला युक्तिवाद राजीखुशीचा. कोणी कोणाच्या खिशात हात घालत नाही, खेळणारा स्वतःच्या मर्जीने पैसे लावतो, मग यात अन्याय कोणावर झाला? दिव्य कुरआनने दुसऱ्याचा माल अन्यायाने खाण्यास मनाई करताना परस्परांच्या राजीखुशीने होणाऱ्या व्यापाराची मुभा दिली आहे (४:२९). वरवर पाहता जुगारातही राजीखुशी आहेच. पण आयतीत राजीखुशीबरोबर व्यापार हा शब्दही आहे, आणि त्या शब्दाला वजन आहे. व्यापारात दोन माणसे दोन वस्तूंची अदलाबदल करतात आणि व्यवहारानंतर दोघांच्याही हातात काहीतरी असते. शेतकऱ्याकडे पैसे येतात, ग्राहकाकडे भाजी जाते. जुगारात एकाच्या हातात जे येते ते नेमके तेवढेच दुसऱ्याच्या हातातून गेलेले असते. त्याबदल्यात त्याला काहीही मिळालेले नसते.

शिवाय ही राजीखुशी अर्धवट माहितीवरची असते. मटक्यात शून्य ते नऊ अशा दहा आकड्यांपैकी एक लागतो आणि आकडा लागला तर साधारणपणे नऊपट पैसे मिळतात. दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर दहा रुपये जमा होतात आणि नऊ परत जातात. एक रुपया धंदा चालवणाऱ्याकडे राहतो. हाच हिशेब रोज, वर्षभर, हजारो माणसांच्या बाबतीत चालू राहिला तर शेवटी कोण जिंकणार, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. एखादा खेळाडू आज जिंकेल, खेळणारा समाज मात्र रोज हरणार. हरणाऱ्याची संमती ‘मी जिंकेन’ या आशेला दिलेली असते, हरण्याला त्याने कधीच संमती दिलेली नसते. म्हणूनच हरल्यावर त्याच्या मनात राजीखुशी उरत नाही, सल उरतो. खऱ्या व्यापारातील राजीखुशी व्यवहारानंतरही टिकते. जुगारातली निकाल लागताच संपते.

येथे आपल्या भागातील शेतकरी एक रास्त शंका विचारील. तो म्हणेल, “मीही नशिबावरच जगतो. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांहून अधिक भाव मिळाला. त्याआधी काही महिने महाराष्ट्रात अनेक ठिकाणी हाच टोमॅटो फेकून देण्याची पाळी आली होती. मग माझ्या शेतीत आणि त्या आकड्यात फरक काय?”

फरक मूलभूत आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला येणारी अनिश्चितता सृष्टीत आधीच आहे. पाऊस, कीड, बाजार या गोष्टी त्याने निर्माण केलेल्या नाहीत. तो त्या सोसतो आणि सोसत असताना पीक काढतो. भाव पडला तरी टोमॅटो कोणाच्या तरी ताटात गेलेलाच असतो. जुगारी मात्र नसलेली अनिश्चितता मुद्दाम तयार करतो आणि तिच्यातून काहीही पिकत नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्याला आधी उंट बांधण्यास सांगितले आणि मग भरवसा ठेवण्यास. शेतकऱ्याचा भरवसा हा उंट बांधल्यानंतरचा आहे. त्याला तवक्कुल म्हणतात. जुगारी उंट बांधत नाही. त्याच्याकडे बांधायला उंटच नसतो.

इस्लामने शेतीच्या व्यवहारातही अनावश्यक अनिश्चितता शिरू दिलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. फळ तयार होण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी बागेतील फळे विकण्यास पैगंबरांनी मनाई केली आणि त्यामागचे कारणही सांगितले. अल्लाहने फळ रोखून धरले, तर विकणारा आपल्या भावाचा पैसा कशाच्या बदल्यात घेणार? आपल्याकडे मोहोर येण्यापूर्वीच बाग उक्ती देण्याची जी रीत आहे, तिचा विचार करणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. दुसऱ्याच्या पैशाच्या बदल्यात मी त्याला काय देतो, ही कसोटी बागेला लागू आहे आणि आकड्यालाही.

दुसरा युक्तिवाद फायद्याचा. या धंद्यावर हजारो लोकांचे पोट चालते, धंदेवाले उत्सवाला वर्गणी देतात, अडल्यानडल्याला मदत करतात, गोरगरिबांच्या मुलींच्या लग्नाला हातभार लावतात, असे सांगितले जाते. आश्चर्य वाटेल, पण कुरआन हा फायदा नाकारत नाही. मद्य आणि जुगार यांविषयी विचारणा झाली तेव्हा या दोहोंत मोठे पाप आहे, लोकांसाठी काही लाभही आहेत, पण त्यांचे पाप त्यांच्या लाभापेक्षा मोठे आहे, असे उत्तर आले (२:२१९). विरोधकाचा मुद्दा मान्य करून मग निर्णय देणारी ही शैली प्रत्येक विचारी माणसाने अभ्यासावी अशी आहे.

हा लाभ कोणता होता? भाष्यकार सांगतात की इस्लामपूर्व अरबस्तानात ‘मैसिर’ नावाचा जुगार विशेषतः हिवाळ्यात आणि टंचाईत खेळला जाई. ‘मैसिर’ हा शब्द सहजपणा दर्शवणाऱ्या धातूशी जोडला जातो. कष्टाशिवाय सहज मिळणारी प्राप्ती, असा त्याचा अर्थ. उंट कापून त्याचे वाटे पाडत. पिशवीतून दहा बाण काढीत. सात बाणांवर वाट्यांच्या खुणा असत, तीन कोरे असत. ज्याच्या नावाने कोरा बाण निघे, त्याला उंटाची किंमत भरावी लागे. जिंकणारा मांस स्वतः खात नसे, गरिबांत वाटून टाकी. त्यात त्याची प्रतिष्ठा होती. जो या खेळात भाग घेत नसे त्याला कंजूष म्हणून हिणवले जाई. म्हणजे कुरआनने ज्या जुगाराला निषिद्ध ठरवले, त्यातून भुकेल्यांच्या पोटात अन्न जात होते. तरीही तो निषिद्ध ठरला.

कारण भुकेल्याला खाऊ घालण्यासाठी दुसऱ्याला लुबाडण्याची गरज नाही. दातृत्वाचा मान मिळवण्याची हौस असेल, तर आपला उंट कापावा. जुगारातील दानात देणारा एक आणि भरणारा दुसरा असतो. कौतुक पहिल्याचे होते आणि दुसऱ्याच्या घरची चूल कोणाला दिसत नाही. फायदा एका ठिकाणी गोळा होतो, म्हणून तो डोळ्यांत भरतो. नुकसान हजार घरांत विखुरलेले असते, म्हणून ते कोणी मोजत नाही. पाप लाभाहून मोठे आहे, हे सांगताना कुरआनने न मोजलेले नुकसानही हिशेबात धरले आहे.

हा भ्रम केवळ अरबस्तानातला किंवा मुंबईतला नाही. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात समुद्रकाठी अटलांटिक सिटी नावाचे पर्यटनाचे शहर आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तेथे इनॉक जॉन्सन या राजकीय पुढाऱ्याचे वर्चस्व होते. तो ‘नकी’ या नावाने ओळखला जाई. १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी असतानाही त्या शहरात दारू मिळे, जुगाराचे अड्डे चालत आणि त्यांच्याकडून हप्ते वर पोहोचत. पर्यटक येत, हॉटेले भरत, शहराला पैसा मिळे. गरिबांना मदत करणारा दिलदार माणूस म्हणून जॉन्सनची ख्याती होती. मे १९२९ मध्ये अनेक शहरांतील गुन्हेगारी टोळ्यांचे म्होरके याच शहरात एकत्र जमले होते. अखेर १९४१ मध्ये प्राप्तिकर बुडवल्याबद्दल जॉन्सन दोषी ठरला आणि तुरुंगात गेला.

पुढे या शहराला उतरती कळा लागली. तेव्हा १९७६ मध्ये राज्यातील मतदारांनी तेथे कॅसिनोंना कायदेशीर मान्यता दिली. त्यांतून मिळणारा कर वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी खर्च होईल, असे सांगण्यात आले होते. उंटाचे मांस गरिबांना वाटण्याचीच ही आधुनिक आवृत्ती म्हणावी लागेल. १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. २०१४ या एकाच वर्षात बारापैकी चार कॅसिनो बंद पडले आणि हजारो माणसे बेकार झाली. जे शहर इतरांच्या हरण्यावर उभे राहते, त्याला हरणारे नवे लोक सतत पुरवावे लागतात. पुरवठा आटला की शहर आटते.

आता कुरआनने सांगितलेल्या पापाच्या परिणामांकडे पाहू. सूरह माइदाने मद्य आणि जुगाराला सैतानाचे गलिच्छ काम म्हटले आणि त्यामागचा हेतू उलगडून दाखवला. सैतान या दोहोंच्या द्वारे तुमच्यात वैर आणि द्वेष पेरू इच्छितो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून तुम्हाला रोखू इच्छितो (५:९०-९१). वैराचा उल्लेख आधी आहे. कष्टाशिवाय मिळालेल्या पैशाला हक्काची सीमा नसते, म्हणून तो जेथे साचतो तेथे वैर आपोआप उगवते. ज्या कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला, त्यांचा मुलगा सुरेश भगत यांची गाडी जून २००८ मध्ये अलिबाग-पेण रस्त्यावर एका ट्रकने उडवली. त्यांच्यासह गाडीतील सर्वजण ठार झाले. तो अपघात नव्हता. २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने ज्यांना या हत्येच्या कटात दोषी ठरवले, त्यांत त्यांची घटस्फोटित पत्नी आणि मुलगाही होता. मटक्याच्या साम्राज्याचा ताबा हे या कटाचे कारण असल्याचे तपासात पुढे आले. ज्या धंद्याने हजारो घरांतील चुली विझवल्या, त्याने शेवटी स्वतःचे घरही सोडले नाही. त्या आयतीतील वैर या शब्दाचा अर्थ समजून घेण्यासाठी याहून वेगळ्या उदाहरणाची गरज नाही.

आता लिहिणाऱ्याकडे वळू. तो म्हणतो, “धंदा माझा नाही, पैसा माझा नाही, निर्णय माझा नाही. मी सोडले तर दुसरा कोणी येईल.” सहीह मुस्लिममधील एका प्रसिद्ध हदीसनुसार पैगंबर मुहम्मद (स.) यांनी व्याज खाणारा, व्याज देणारा, व्याजाचा करार लिहिणारा आणि त्याचे दोन साक्षीदार या सर्वांचा धिक्कार केला आणि ते सर्व सारखेच आहेत असे सांगितले. लिहिणाऱ्याला व्याजातील एक दिरहमही मिळत नाही. त्याने फक्त लेखणी चालवली आहे. तरीही त्याचे नाव यादीत आहे, कारण त्याच्या लेखणीवाचून तो अन्याय करार बनत नाही. लेखणी अन्यायाला व्यवस्थेचे रूप देते. एकटा जुगारी पाप करतो, रायटर त्या पापाचे कार्यालय उघडतो.

हुकमाचा ताबेदार असल्याची सबब कुरआनने आणखी स्पष्टपणे फेटाळली आहे. फिरऔन आणि हामान यांच्या पापाचा उल्लेख करताना कुरआनने त्यांच्या सैन्यालाही त्याच वाक्यात पापी म्हटले (२८:८). सैनिक पगारी नोकर होते. धोरण त्यांनी ठरवले नव्हते. तरी त्यांच्या हातांवाचून फिरऔन हा सिंहासनावर बसलेला एक सामान्य माणूसच राहिला असता. याच सूरहमध्ये आदरणीय मूसा (अ.) यांचा संकल्प आला आहे. अल्लाहने आपल्यावर कृपा केली आहे, म्हणून आपण यापुढे कधीही गुन्हेगारांचे साहाय्यक होणार नाही, असे ते म्हणतात (२८:१७). येथे मूळ अरबी शब्द ‘मुजरिमीन’ आहे. ज्याला शिक्षण, तरुणपण, हुशारी आणि आकडेमोडीचे कसब मिळाले, त्याने हे कसब मुजरिमांच्या सेवेला लावणे हा त्या कृपेचाच अपमान ठरतो.

‘मी सोडले तर दुसरा येईल’ या वाक्यात एक गफलत दडलेली आहे. दुसरा आला तर त्याचा हिशेब तो देईल. माझ्या कृत्याचे वजन दुसऱ्याच्या संभाव्य कृत्याने कमी होत नाही. सत्कार्याची शिफारस करणाऱ्याला त्यात वाटा मिळतो आणि दुष्कृत्याची शिफारस करणाऱ्यालाही त्यात वाटा मिळतो, असे कुरआन सांगतो (४:८५). शिफारशीलाही जर वाटा असेल, तर नोंदवहीला तो नसेल कसा?

मात्र येथे न्यायाने बोलले पाहिजे. साहाय्याची साखळी लांबवत नेली तर जगणेच अशक्य होईल. रायटरला चहा देणारा, त्याची सायकल दुरुस्त करणारा, त्याच्या मुलाला शाळेत शिकवणारा असे सगळेच पापाचे भागीदार ठरतील. इस्लामी विधिज्ञांना ही अडचण ठाऊक होती. पापाच्या कामासाठी घर भाड्याने देण्याच्या प्रश्नावर हनफी परंपरेतच मतभेद आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मते भाडे घराच्या उपयोगाचे असते आणि त्यात राहणारा स्वतःच्या इच्छेने पाप करतो. त्यांचे दोन थोर शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी हे पापाला साहाय्य मानले. पुण्यकार्यात एकमेकांना साहाय्य करा, पाप आणि अतिरेक यांत करू नका, या आयतीचा (५:२) आधार अशा चर्चेत घेतला जातो.

या मतभेदातून विवेकाची एक वाट सापडते. चहावाला चहा विकतो आणि तो कोणीही प्यावा असा असतो. त्याचे काम त्या पापावाचूनही अर्थपूर्ण आहे. पण ज्याचे संपूर्ण काम त्या पापासाठीच आहे, पाप थांबले तर ज्याच्या कामाला कोणताही अर्थ उरत नाही आणि ज्याला हे ठाऊक आहे, त्याला अबू हनीफांच्या मताचा आडोसा घेता येणार नाही. रायटरची चिठ्ठी जुगार थांबला की रद्दी होते. दुसऱ्याच्या उलाढालीसाठी भाड्याने दिलेले बँक खाते हे कोणाच्या निवासाचे घर नव्हे. त्याचा एकमेव उपयोग पैशाचा माग पुसणे हाच असतो. म्हणून दोन प्रश्न विचारावेत. हे काम कशासाठी आहे, हे मला ठाऊक आहे काय? आणि ते पाप वगळले तर माझ्या कामात काय उरते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीही नाही’ असे येत असेल, तर वाटा ठरलेला आहे.

देशाचा कायदाही आता या दिशेने गेला आहे. १८८७ चा जुन्या मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी नवा कायदा संमत केला. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. खेळ पुरवणाऱ्याबरोबरच त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्यासाठी पैशाचे व्यवहार पार पाडणाऱ्यालाही त्याने शिक्षेस पात्र ठरवले. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. चौदाशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला यादीत बसवणाऱ्या शिकवणुकीचे मर्म यावरून उमगावे.

आपल्या समाजालाही येथे आरसा दाखवला पाहिजे. आकडा सांगणारे बाबा आणि फकीर यांच्याभोवती जमणाऱ्या गर्दीत आपली माणसे कमी नसतात. कोणी स्वप्नाचा आकडा काढतो, कोणी ‘७८६’ मधून जोडी शोधतो. सूरह माइदाच्या त्याच आयतीने जुगाराबरोबर भविष्य पाहण्याचे बाणही निषिद्ध ठरवले आहेत. श्रद्धेच्या खुणेला सट्ट्याचा आकडा बनवणे हा दुहेरी अपराध आहे. मुंबईच्या जुगाराच्या अड्ड्यांच्या इतिहासात करीम लाला यांच्यासारखी नावे आहेत आणि त्यांच्या दातृत्वाच्या कथा आपल्या वस्त्यांमध्ये आजही कौतुकाने सांगितल्या जातात. नाव आपल्यातले आहे म्हणून उंटाचे मांस हलाल होत नाही.

सहीह बुखारीत आदरणीय अबू बकर (रजि.) यांची एक घटना आहे. त्यांच्या गुलामाने आणलेले काही अन्न त्यांनी खाल्ले. नंतर कळले की ते अज्ञानकाळात सांगितलेल्या भविष्याच्या मोबदल्यातून आले होते. त्यांनी घशात बोट घालून पोटातले सर्व काढून टाकले. ते अन्न त्यांनी कमावलेले नव्हते, मागितलेलेही नव्हते. तरी कमाईचा उगम कळल्यानंतर ते पोटात ठेवणे त्यांना असह्य झाले. आपल्या घरात येणारा पगार कोठून येतो, हे विचारण्याचे धैर्य आज किती आईवडिलांत आहे? मुलगा कोणत्या कार्यालयात काम करतो, हे ठाऊक नसताना त्याने आणलेल्या नव्या मोटारसायकलचे पेढे वाटले जातात.

तरीही केवळ उपदेश करून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. टोमॅटोचा भाव पडलेला, सोसायटीचे कर्ज थकलेले, पदवी घेऊन दोन वर्षे घरी बसलेला अशा अवस्थेत तरुणापुढे पगाराचा प्रस्ताव येतो, तेव्हा तो जुगार म्हणून येत नाही, नोकरी म्हणून येतो. त्या क्षणी त्याला हराम-हलालचा भेद समजावणारा हवा आणि हलालचा एखादा उघडा दरवाजाही हवा. जो अल्लाहचे भय बाळगतो त्याच्यासाठी तो वाट काढून देतो आणि जेथून अपेक्षाही नसते तेथून उपजीविका पुरवतो, असे कुरआनचे आश्वासन आहे (६५:२-३). हे आश्वासन प्रत्यक्षात येण्याचे एक साधन आपणच आहोत. जकात गावातल्या गावात नीट गोळा होऊन गरजूपर्यंत पोहोचली, कर्जे हसना म्हणजे बिनव्याजी उसनवारीचा छोटा निधी मशिदीच्या जमातीने उभा केला, बाजार समितीत माल नेणाऱ्यांनी, वाहतूक करणाऱ्यांनी, दुकानदारांनी आपल्याकडे एकेका तरुणाला हिशेबाच्या कामाला घेतले, तर त्याच लेखणीला हलाल नोंदवही मिळेल. ज्या जमातीने आपल्या तरुणासाठी दरवाजा उघडला नाही, तिने त्याच्यावर बोट रोखताना आपल्या वाट्याचाही विचार करावा.

जुगाराचे आमंत्रण देणे म्हणजे केवळ तोंडून निघालेला शब्द, तरी तो उच्चारणाऱ्याने सदका द्यावा, असे पैगंबरांनी सांगितले आहे. नुसत्या शब्दाचे एवढे प्रायश्चित्त असेल, तर रोज आठ तास लिहिलेल्या नोंदींचे किती असेल? कणभर सत्कृत्य असो वा कणभर दुष्कृत्य, प्रत्येकजण ते पाहील (९९:७-८). आपल्या खांद्यांवरही लिहिणारे बसलेले आहेत. त्यांच्या वहीत रायटरचे नाव, खातेदाराचे नाव, घरमालकाचे नाव आणि गप्प बसलेल्या शेजाऱ्याचे नाव ज्याच्या त्याच्या वाट्यासह नोंदले जाते. जो आज हात मागे घेतो आणि तौबा करतो, त्याच्यासाठी ती वही अजून बंद झालेली नाही. अल्लाह आपल्या तरुणांना हलाल उपजीविका देवो आणि आपल्या लेखण्यांना अन्यायाच्या साहाय्यापासून दूर ठेवो. आमीन.